नाशिकमधून ओपन सोर्सचं मेंटॉरपण: पहिल्या वर्षाच्या मेंटॉरसाठी पायरीपायरीनं

हा लेख विद्यार्थ्यांसाठी नाही. 'जीसॉक (नवख्यांना मानधनावर ओपन सोर्सचं काम देणारा गूगलचा कार्यक्रम) कसं क्रॅक करायचं' हे सांगणारे व्हिडिओ त्यांच्याकडे रगड आहेत. हा लेख त्यांना हात देणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही नाशिकमध्ये राहून कुठल्यातरी कंपनीचं काम घरून करता, एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पात तुमचे बरेच पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) गेलेत, आणि आता जुन्या कॉलेजातल्या सरांचा फोन आलाय: "आमच्या पोरांना जरा ओपन सोर्सचं सांगा ना." हो म्हणायला अर्धं मिनिट लागतं. त्यानंतर वर्षभर काय काय निस्तरावं लागतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मेंटॉरचं मुख्य काम एकच: विद्यार्थ्याला तुमच्या व्हॉट्सॲपमधून बाहेर काढून प्रकल्पाच्या चारचौघांत बसवणं. गिट, कोड, टेस्ट हे सगळं त्या ओघात होतं. तो चारचौघांत बसला नाही, तर तुम्ही फुकटात क्लास घेताय एवढंच.

१. कुठल्या दारानं शिरायचं ते ठरवा

गूगल समर ऑफ कोड, म्हणजे जीसॉक, २००५ पासून चालू आहे. तिथे मेंटॉर म्हणून परस्पर नाव नोंदवता येत नाही. आधी एखादी ओपन सोर्स संस्था गूगलकडे अर्ज करते, तिची निवड होते, आणि ती संस्था आपल्या ओळखीच्या योगदानकर्त्यांना मेंटॉर म्हणून बोलावते. म्हणजे ज्या प्रकल्पात तुमचं नाव मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी, मंडळी ओळखतात, तिथूनच तुमचा प्रवेश. वर्षभर कुठेच काम नाही आणि जानेवारीत 'मला मेंटॉर करा' असा मेल, हा मार्ग चालत नाही.

जीसॉकखेरीज आउटरीची आहे. तिची इंटर्नशिप वर्षातून दोनदा असते, एक मे ते ऑगस्ट आणि दुसरी डिसेंबर ते मार्च. निवडीआधी उमेदवाराने प्रकल्पात प्रत्यक्ष योगदान द्यावं लागतं, ही तिथली मला सगळ्यात आवडणारी अट. लिनक्स फाउंडेशनची एलएफएक्स मेंटॉरशिप, केडीईचं सीझन ऑफ केडीई, आणि आपल्याकडचं कोड फॉर गव्हटेक हेही पर्याय आहेत.

पैशांचं स्पष्ट असू द्या. जीसॉकमध्ये विद्यार्थ्याला मानधन मिळतं आणि ते देशानुसार वेगवेगळं असतं. संस्थेलाही थोडी रक्कम मिळते. मेंटॉरला गूगलकडून मानधन नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण रविवार दुपार तुमचीच जाणार आहे.

पहिल्या वर्षी माझा सल्ला असा की कुठल्याही कार्यक्रमाच्या मागे लागू नका. तीन-चार विद्यार्थी घ्या, तुमच्याच प्रकल्पात त्यांची एकेक पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) मर्ज, म्हणजे स्वीकारून सामील, करून दाखवा. औपचारिक मेंटॉरपण दुसऱ्या वर्षी. एका विद्यार्थ्यामागे आठवड्याला चार-पाच तास धरा, आणि तुम्ही आजारी पडलात किंवा ऑफिसची रिलीज आली तर सांभाळणारा दुसरा मेंटॉर आधीच शोधून ठेवा.

२. कॅलेंडर समोर ठेवा, नाशिकचं आणि त्यांचं दोन्ही

जीसॉकचा फेरा साधारण असा असतो. संस्थांचे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत, निवडलेल्या संस्थांची यादी फेब्रुवारीअखेर, विद्यार्थ्यांचे प्रस्ताव मार्च-एप्रिलमध्ये, निकाल मेच्या सुरुवातीला. मग तीनेक आठवडे ओळखपाळखीचे, आणि मेअखेर किंवा जूनपासून कोडिंग. नेहमीचा कालावधी १२ आठवड्यांचा, पण तो २२ आठवड्यांपर्यंत वाढवता येतो. प्रकल्पाचा आकार ९०, १७५ किंवा ३५० तासांचा.

आता यावर आपलं कॅलेंडर ठेवून बघा. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांच्या सत्र परीक्षा बहुधा मे-जूनमध्ये येतात, म्हणजे ऐन कोडिंग सुरू होताना. स्वायत्त कॉलेजांचं आणि खासगी विद्यापीठांचं वेळापत्रक आणखी वेगळं. नाशिकच्याच के. के. वाघ, संदीप फाउंडेशन आणि केबीटी या तीन कॉलेजांचा विद्यार्थी एकाच गटात असेल तर तिघांच्या तारखा तीन. प्रत्येकाकडून परीक्षा, ओरल, प्रॅक्टिकल यांच्या तारखा लिहून घ्या आणि त्या प्रस्तावातच टाकायला लावा. परदेशातल्या मेंटेनरना 'मला २० मे ते १० जून परीक्षा आहे' हे आधी कळलं तर त्यांचं काही म्हणणं नसतं. अचानक तीन आठवडे गायब झालेल्या माणसाबद्दल मात्र असतं.

निफाड, दिंडोरीकडची पोरं असतील तर आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी-मार्च म्हणजे द्राक्षांची काढणी. घरी माणूस लागतो, पोरगा आठवडाभर मळ्यात असतो, आणि तो हे तुम्हाला स्वतःहून सांगणार नाही. विचारा. प्रस्तावाचा कच्चा मसुदा जानेवारीतच करून घेतला तर मार्चमध्ये ओढाताण होत नाही.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा सापळा सगळ्यात वाईट. कॅम्पसमधून लागलेल्या नोकरीची जॉइनिंग डेट जुलैत येते आणि तोवर जीसॉक अर्ध्यावर आलेलं असतं. अशा विद्यार्थ्याला ३५० तासांचा प्रकल्प घेऊ देऊ नका. ९० तासांचा घ्या, नाहीतर सरळ तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी निवडा.

३. सामानाची यादी

विद्यार्थ्याकडे हे हवं:

- निदान ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. अँड्रॉइड स्टुडिओ किंवा डॉकर लागणार असेल तर १६ जीबी. तेवढा नसेल तर प्रकल्पच हलका निवडा, उगाच उसनवारी नको.
- लिनक्स, किंवा विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय).
- गिटहब (बहुतेक प्रकल्पांचा कोड जिथे असतो ती साइट) खातं, वैयक्तिक ईमेलवर. कॉलेजचा ईमेल पास झाल्यावर बंद पडला की खातं अडकतं.
- दुहेरी पडताळणी चालू, आणि तिचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात. कोड टाकणाऱ्यांसाठी गिटहबने ही पडताळणी २०२३ मध्ये सक्तीची करत आणली. फोन हरवला, कोड नाहीत, खातं गेलं, असं होतं.
- एसएसएच की किंवा टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवायची किल्ली. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामाला गिटहबचा पासवर्ड चालत नाही, तरी जुने ट्युटोरियल बघून मुलं पासवर्डच टाकत बसतात.
- जीसॉकसाठी वय १८ पूर्ण. पूर्वी कॉलेजचं बोनाफाइड लागायचं. २०२२ पासून विद्यार्थी असण्याचीच अट गेली, ओपन सोर्समध्ये नवखा असला की पुरे.
- स्वतःच्या नावाचं बँक खातं, आणि त्यावरचं स्पेलिंग पॅन कार्डाशी जुळणारं. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव आहे की नाही, हे आत्ताच बघून घ्या.

तुमच्याकडे हे हवं: नव्या मशीनवर खरोखर चालणारी इन्स्टॉलेशनची कृती, योगदानाचे नियम लिहिलेली फाइल, स्पष्ट परवाना, नवख्यांना जमतील असे पाच-सहा इश्यू (प्रकल्पात नोंदवलेल्या चुका किंवा कामं), आणि सार्वजनिक गप्पांची जागा, म्हणजे चॅनेल. यातलं पहिलं बहुतेक प्रकल्पांत मोडलेलं असतं. तेव्हा सुरुवातीलाच एखाद्या रिकाम्या मशीनवर स्वतः सगळं चालवून बघा.

एक इशारा. कॉलेजांच्या ग्रुपवर 'जीसॉक सिलेक्शन गॅरंटी'चे पेड कोर्स फिरतात. अर्जाला कसलीही फी नाही आणि गॅरंटी देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगा, पालकांनाही.

४. पहिली भेट: सेटअपखेरीज दुसरं काही नाही

जागा कॉलेजची लॅब किंवा लायब्ररीतली खोली. घरी बोलावू नका, एकेकट्याला तर नाहीच. दोन मेंटॉर आणि पाच-सहा विद्यार्थी हा आकडा जमतो. मुली हॉस्टेलवर राहत असतील तर गेट बंद व्हायची वेळ विचारा आणि त्याआधी उठा. साधी गोष्ट आहे, पण ती पाळली नाही की दुसऱ्या भेटीला मुली येत नाहीत आणि मग आपण म्हणतो, 'मुलींना इंटरेस्ट नसतो.'

लिनक्सचा इतिहास, ओपन सोर्सचं तत्त्वज्ञान, तुमचा स्वतःचा प्रवास, यातलं काही सांगू नका. प्रत्येकाच्या मशीनवर प्रकल्प चालला पाहिजे आणि एक टेस्ट हिरवी दिसली पाहिजे. दोन-तीन तास यातच जातात.

कॉलेजच्या नेटवर्कची अडचण हमखास येते. बऱ्याच लॅबमध्ये २२ नंबरचं पोर्ट बंद असतं, म्हणून एसएसएचने क्लोन होत नाही, म्हणजे कोड आपल्या मशीनवर उतरत नाही, आणि कुणाला कारण समजत नाही. गिटहबचं एसएसएच ४४३ नंबरच्या पोर्टवरूनही चालतं. त्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये होस्टचं नाव 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम' असं द्यायचं. या चार ओळी छापूनच न्या.

दुसरी अडचण डेटाची. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठ्या रेपोचा (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याचा) सगळा इतिहास उतरवायला गेलात तर दिवसाचा कोटा संपतो. क्लोन करताना डेप्थ एक द्या म्हणजे फक्त शेवटची स्थिती येते. डॉकरच्या इमेज आणि बाकी जड डाउनलोड लॅबमधेच उरकून घ्या, किंवा पेनड्राइव्हवर घेऊन जा. पेनड्राइव्हला हसू नका. त्र्यंबककडच्या एखाद्या गावात पावसाळ्यात दोन दिवस वीज नसली की तोच कामाला येतो.

भेटीनंतर मिसळ खायला जायचं की नाही हे तुम्ही ठरवा. आमच्याकडे जातात. पहिल्या भेटीत लॅबमध्ये तोंड न उघडलेली पोरं तिथे बोलतात, हा माझा अनुभव.

५. व्हॉट्सॲपवरून सार्वजनिक चॅनेलवर

ही पायरी सगळ्यात लांब, आणि बाकी सगळं हिच्यासाठी.

काय होतं ते बघा. भेटीनंतर कुणीतरी 'ओपन सोर्स नाशिक' असल्या नावाचा ग्रुप काढतो. दोन दिवसांत तुमच्या खासगी चॅटवर मेसेज सुरू होतात. 'सर, फ्री आहात का?' मग शांतता. तुम्ही 'बोल' म्हणालात की लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो, खाली 'सर एरर येतोय'. तुम्ही फोटो मोठा करून, मान वाकडी करून वाचता, उत्तर देता. त्याचं काम होतं. दुसऱ्या दिवशी तोच एरर दुसऱ्याला येतो आणि तोही तुम्हालाच विचारतो.

महिनाभर असं चाललं की त्या विद्यार्थ्यासाठी प्रकल्प म्हणजे तुम्ही. मेंटेनरना तो माहीतच नाही, आणि निवडीच्या वेळी त्यांच्यापुढे एक अनोळखी नाव येतं. तुम्ही शिफारस केलीत तरी बाकीचे म्हणतात, "हा कधी दिसला नाही." बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून पहिल्या दिवसापासून नियम एक: व्हॉट्सॲपवर फक्त भेटीची वेळ आणि जागा ठरणार. तांत्रिक प्रश्न आला की उत्तर ठरलेलं, "चॅनेलवर टाक, मी तिथे बघतो." आणि मग तिथे खरंच बघायचं, पंधरा-वीस मिनिटांत. सुरुवातीचे दोन आठवडे हा वेग ठेवावाच लागतो. चॅनेलवर विचारल्यावर उत्तर येतं हे एकदा पटलं की पुढे तुम्ही हळूहळू मागे सरकू शकता. आधी अर्धा तास थांबायचं, मग तास, मग दुसरं कुणी उत्तर देतंय का ते बघायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गटातलीच एखादी मुलगी दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देते. तिथे तुम्ही काही बोलू नका, फार तर अंगठा द्या.

मुलं चॅनेलवर का जात नाहीत? आळस हे कारण क्वचित. भीती असते, आणि ती तीन प्रकारची. पहिली, 'माझा प्रश्न फालतू आहे, सगळे हसतील.' दुसरी, इंग्रजीची. तिसरी, 'सरांना सोडून दुसऱ्याला विचारलं तर सरांना राग येईल.' तिसरी ऐकून बाहेरची माणसं चकित होतात, पण आपल्याकडच्या वर्गात वाढलेल्याला ती कळते. तुम्हीच स्पष्ट सांगा: "दुसऱ्याला विचारलंस तर मला बरं वाटेल."

इंग्रजीवर इलाज सोपा आहे. प्रश्न आधी मराठीत लिहायला लावा, चार ओळींत: मी काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि मी काय करून पाहिलं. या चार ओळी मराठीत जमल्या की इंग्रजीत तोडकंमोडकं लिहिलं तरी चालतं. अर्धा प्रश्न तर मराठीत लिहितानाच सुटतो. एरर मजकूर म्हणून चिकटवायचा. फोटो बंद.

'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होणारे मेसेज थांबवा. तुम्हाला ते सर म्हणोत, दादा म्हणोत, ताई म्हणोत, त्यात पडू नका. ती सवय जात नाही आणि जायची गरजही नाही. पण चॅनेलवर सगळे एकमेकांना नावानं किंवा टोपणनावानंच हाक मारतात, जर्मनीतल्या साठीच्या मेंटेनरलासुद्धा, आणि त्यात उद्धटपणा नाही, हे एकदा समजावून सांगावं लागतं.

वेळेचाही हिशेब द्या. मध्य युरोप उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. अमेरिकेचा पश्चिम किनारा साडेबारा ते साडेतेरा तास मागे. सकाळी दहाला प्रश्न टाकून दुपारी बाराला 'कुणी उत्तर देत नाही' म्हणून रडकुंडीला येणाऱ्याला सांगा की तिकडचा माणूस अजून कामाला बसलेला नाही. दोन दिवस थांबायचं, मग एकदाच नम्र आठवण. पाच जणांना टॅग करायचं नाही.

खासगीत काय बोलावं? प्रकृती, घरची अडचण, पैसे, कुणाचा त्रास. या गोष्टी चॅनेलवर टाकायला लावू नका. त्रासाची तक्रार असेल तर प्रकल्पाच्या आचारसंहितेत कुणाकडे जायचं ते लिहिलेलं असतं. तो दुवा पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना द्या.

६. पहिला इश्यू निवडणं

'गुड फर्स्ट इश्यू' लेबल लावलेले इश्यू बघा, पण डोळे झाकून नको. काही तीन वर्षं पडून असतात, कारण दिसतात सोपे आणि असतात अवघड. तुम्ही स्वतः तासाभरात सोडवू शकाल तो नवख्याला एक ते दोन आठवड्यांचा, हा माझा अंदाज बहुधा खरा ठरतो.

इश्यूखाली 'प्लीज असाइन मी' लिहून निघून जाणं ही एक साथ आहे. एकेका इश्यूखाली अशा दहा ओळी, कोड कुणाचाच नाही. आपल्या गटाला सांगा: आधी बग स्वतःच्या मशीनवर घडवून दाखव, कसा घडला ते तिथे लिही, मग काम सुरू कर. परवानगी मागायची गरज बहुतेक प्रकल्पांत नसते.

आणि कृपा करून रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) स्वल्पविराम घालायच्या पुल रिक्वेस्टना उत्तेजन देऊ नका. २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरभर पुल रिक्वेस्ट देणाऱ्यांना बक्षीस देणारा उपक्रम) टी-शर्टापायी अशा रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला. तेव्हापासून ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय, तेवढेच मोजले जातात. भारतातून आलेल्या रिक्वेस्टकडे काही मेंटेनर अजून कपाळाला आठी घालून बघतात, त्यामागे हेही आहे.

आपल्या मुलांना जिथे खरी आघाडी मिळते अशी एक खाण सांगतो: देवनागरीचे बग. मेंटेनरना हे सापडत नाहीत, कारण ते मराठी टाइप करत नाहीत. काही नमुने देतो.

'नाशिक' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा. पायथॉनला लांबी विचारा, उत्तर पाच. यूटीएफ-८ मध्ये बाइट पंधरा. मजकूर ठरावीक लांबीला कापणारी कुठलीही सुविधा घ्या आणि मराठी देऊन बघा. वेलांटी तुटून पडलेली दिसेल.

'दऱ्या' मधला ऱ युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत) दोन प्रकारे साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि नुक्ता अशी जोडी म्हणून. युनिकोडच्या नियमानं दोन्ही समान आहेत, पण प्रकल्पाने नॉर्मलायझेशन (दोन्ही रूपं एकसारखी करणं) केलं नसेल तर शोध लागत नाही. 'ॲ' त्याहून बेरका. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतःचं चिन्ह मिळालं, पण अनेक जण अजून अ वर चंद्र देऊन तो लिहितात. दिसायला तेच, आणि इथे नॉर्मलायझेशनही जुळवून देत नाही. वेगळा कोड लिहावा लागतो.

आकड्यांचंही तसंच. पायथॉनमध्ये '१२' या मजकुराचा पूर्णांक केला तर बारा मिळतो. जावास्क्रिप्टमध्ये नंबर करायला गेलात तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही'. मराठी आकड्यांत वय भरल्यावर कोणता फॉर्म कोसळतो, हे शोधायला कुठलंही प्रगत ज्ञान लागत नाही.

असा बग नीट नोंदवणं, त्याला टेस्ट लिहिणं आणि मग दुरुस्त करणं, हे पहिलं योगदान म्हणून उत्तम. मुलगी येवल्याच्या मराठी शाळेतून आलेली असेल, तर इथे तिला जे माहीत आहे ते मेंटेनरला माहीत नाही. चॅनेलवर बोलायची भीती जायला याच्याइतकं दुसरं औषध नाही.

७. पुल रिक्वेस्ट तपासताना

पहिल्या तपासणीत तीन शेरे पुरेत. तुम्हाला सतरा चुका दिसतील, पण सतरा शेरे बघून मुलगा लॅपटॉप मिटतो. आधी मोठ्या गोष्टी: बग खरंच सुटला का, टेस्ट आहे का, बदल फार पसरलाय का. मोकळ्या जागा आणि नावं दुसऱ्या फेरीला. कुठला शेरा पाळलाच पाहिजे आणि कुठला नुसता सुचवलाय, हे शब्दांत लिहा.

कीबोर्ड हातात घेऊ नका. 'सरक, मी करतो' हा मोह भयंकर असतो, विशेषतः मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीत दोघांचे वेगळे बदल) आला की. शेजारी बसा, कमांड तोंडानं सांगा, बोटं त्याची. रिबेस करायच्या, म्हणजे आपले बदल ताज्या कोडवर पुन्हा बसवायच्या, आधी ब्रँचची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवायला शिकवा. मग काही बिघडलं तरी मूळ काम शाबूत राहतं आणि फोर्स पुशला (वरची प्रत जबरदस्तीनं बदलायला) हात थरथरत नाहीत.

एआयचा प्रश्न टाळता येणार नाही. निम्मी मुलं कोड चॅटजीपीटीकडून घेतात, आणि बंदी घालून ते थांबेल असं मला वाटत नाही. दोन गोष्टी करा. एक, प्रकल्पाचा नियम वाचायला लावा. जेंटू आणि नेटबीएसडी यांनी २०२४ मध्ये एआयने तयार केलेल्या कोडवर मर्यादा आणल्या, तर काही प्रकल्प नुसतं नमूद करा म्हणतात. दोन, प्रत्येक ओळ तोंडी समजावून मागा. ज्या ओळीला 'ते असंच असतं' हे उत्तर येईल ती काढून टाकायची.

परवान्याचं थोडक्यात. लिनक्स कर्नलसारख्या अनेक प्रकल्पांत कमिटखाली (नोंदवलेल्या बदलाखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ लागते. हा कोड मला द्यायचा अधिकार आहे, असं तिथे लिहून देतोय, हे मुलाला कळलं पाहिजे. कुठूनतरी उचललेला कोड असेल तर ती सही खोटी ठरते. कुठे इंटर्नशिप चालू असेल तर त्या कंपनीचा करारही एकदा वाचायला सांगा.

८. प्रस्ताव

एका उमेदवाराला जीसॉकमध्ये जास्तीत जास्त तीन प्रस्ताव देता येतात. एकच द्या, नीट द्या. प्रस्ताव तुम्ही लिहू नका, वाक्यही दुरुस्त करू नका. फक्त प्रश्न विचारा. 'हे दोन आठवड्यांत होईल असं तुला कशावरून वाटतं?' हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो.

मसुदा प्रकल्पाच्या चॅनेलवर टाकून अभिप्राय मागायला लावा. 'कोणी कल्पना चोरेल' ही भीती असते. मेंटेनरनी दोन्ही मसुदे वाचलेले असतात, आधी कुणी मांडलं ते त्यांना दिसतं.

शेवटची मुदत बहुधा १८:०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) असते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा. सगळे अकरानंतर अपलोड करायला बसतात. आदल्या दिवशी एक पीडीएफ टाकून ठेवायची, मुदतीपर्यंत ती बदलता येते.

निकालाच्या दिवशी ज्यांची निवड झाली नाही त्यांना आधी फोन करा. ज्यांची झाली त्यांना फोन करणारे पुष्कळ असतात.

९. कोडिंगचे आठवडे

आठवड्याला एक कॉल, ठरलेल्या वारी, आणि त्याच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याची सार्वजनिक टीप: काय झालं, काय अडलं, पुढे काय. पाच ओळी पुरतात. टीप आली नाही तर कॉलची वाट न बघता विचारा. चूक करणारा विद्यार्थी सांभाळता येतो, गप्प झालेला नाही. गप्प होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: काहीतरी अडलंय आणि सांगायची लाज वाटतेय. 'झालं नाही' हे लिहायलाही टीप असते, हे वारंवार सांगा.

गणपतीत आठवडा हलका ठेवा. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत पंचवटीकडे राहणाऱ्याला प्रत्यक्ष भेटीला बोलावू नका, रस्तेच बंद असतात.

मध्य मूल्यमापन साधारण कोडिंगच्या निम्म्यावर येतं. फॉर्म वेळेवर भरा, राहिला तर संस्थेच्या अंगाशी येतं. मानधनाचा पहिला हप्ता त्यावर अवलंबून असतो, म्हणून नापास करताना हात अडतो. 'गरीब घरचा आहे, जाऊ दे' असं मन म्हणतं. माझा दंडक असा: काम कमी झालं पण टिपा आणि धडपड सार्वजनिक दिसतेय, तर प्रकल्पाची व्याप्ती कमी करा, मुदत वाढवा आणि पास करा. तीन आठवडे पत्ता नाही, कोड नाही, तर नापास. मात्र ते त्याला मूल्यमापनाच्या दिवशी कळता कामा नये. पंधरा दिवस आधी लेखी सांगा, संस्थेच्या ॲडमिनला कळवा, दुसऱ्या मेंटॉरचं मत घ्या.

१०. शेवट आणि शिफारसपत्र

अंतिम सादरीकरणासाठी विद्यार्थ्याने एक सार्वजनिक पान करायचं असतं: काय केलं, कुठले कमिट मर्ज झाले, काय उरलं. हे पान शेवटच्या आठवड्यात करायला बसू नका. दर आठवड्याच्या टिपा असतील तर त्या जोडून ते तासाभरात होतं.

त्यानंतर महिनाभरात त्याला एका नव्या माणसाची पुल रिक्वेस्ट तपासायला द्या, तुमच्या नजरेखाली. जमली तर मेंटेनरना सांगून इश्यूला लेबल लावायचे अधिकार मिळवून द्या. पुढच्या जानेवारीत तुमचा दुसरा मेंटॉर तोच असेल.

शिफारसपत्र मागायला सगळेच येतात, एक भेट देऊन गायब झालेलेही. पत्रात 'मेहनती, होतकरू' असली विशेषणं नकोत, ती कुणी वाचत नाही. मर्ज झालेल्या रिक्वेस्टचे दुवे द्या, चॅनेलवर त्याने दुसऱ्याला दिलेल्या एखाद्या उत्तराचा दुवा द्या, आणि त्यावर दोन वाक्यं तुमची. ज्याचे असे दुवे निघत नाहीत, त्याला पत्र देऊ नका. अजून एखादा इश्यू घे म्हणा आणि चॅनेलचा पत्ता पुन्हा पाठवा.